शिकवणारा देश, शिकणारा देश

(दृश्य : तोक्यो, मिनामी-सेन्जू. रेल्वे रुळांच्या कडेचं एकोइन मंदिर.)

आज इथून लोकल गाड्या धडधडत जातात. तोक्योचं नाव एदो होतं त्या काळात हे कोझुकाप्पाराचं वधस्थळ होतं. १८ एप्रिल १७७१ रोजी इथे देहदंड झालेल्या एका स्त्रीच्या शवाचं विच्छेदन झालं. सुरी चालवणारा माणूस नव्वदीचा होता. बघायला आलेले वैद्य सुगिता गेम्पाकु आणि माएनो र्योताकु यांनी आपापलं पुस्तक बाहेर काढलं, तर दोघांकडे शरीररचनेचा एकच डच ग्रंथ निघाला. म्हातारा एकेक अवयव दाखवत होता आणि हे दोघे तो चित्राशी ताडून पाहत होते. फुप्फुसं, यकृत, जठर, सगळं चित्राबरहुकूम. ज्या चिनी वैद्यकावर ते वाढले होते, त्यातल्या आकृत्या मात्र समोरच्या देहाशी जुळत नव्हत्या.

दुसऱ्याच दिवशी भाषांतर सुरू झालं. माएनोला डच जेमतेम येत होती, सुगिताला तर मुळाक्षरंही ठाऊक नव्हती. एकेका ओळीवर दिवस जायचा. १७७४ मध्ये पुस्तक छापून बाहेर आलं.

धाडस या वैद्यांचंच. पण त्यामागे हजार वर्षांची सवय उभी होती. लिपी, बौद्ध धर्म, कायदा, राजधानीची आखणी, हे सगळं जपानने चीनच्या वाटेने घेतलेलं. सातव्या ते नवव्या शतकात जपानचे दूत जिवावर उदार होऊन समुद्र ओलांडायचे, चीनच्या तांग घराण्याच्या दरबारात जायचे आणि ग्रंथ घेऊन परतायचे. बाहेरून शिकण्यात कमीपणा मानण्याची त्या समाजाला सवयच नव्हती. त्यामुळे गुरूचं चुकतंय असं दिसलं, तेव्हा दुसरा गुरू करणं त्यांना जमलं.

चीनला बाहेरून शिकायची वेळ फारशी आली नव्हती. भारतातून गेलेला बौद्ध धर्म हा त्यातला मोठा अपवाद. एरवी कोरिया, जपान, व्हिएतनाम त्याचीच अक्षरं गिरवत होते.

(दृश्य : नानजिंग, जिआंगनान परीक्षागृह.)

सरकारी अधिकारी निवडण्याच्या परीक्षेसाठी इथे वीस हजारांहून अधिक खोल्या होत्या. खोल्या कसल्या, कोनाडेच. आत दोन फळ्या. दिवसा एकीवर बसायचं आणि दुसरीवर कागद ठेवून लिहायचं. रात्री दोन्ही शेजारी लावून त्यावर अंग मुडपून झोपायचं. परीक्षेची तीन सत्रं, आणि ती संपेपर्यंत स्वयंपाकही आतच. विषय कन्फ्यूशियसच्या परंपरेतले ग्रंथ. निबंध आठ ठरलेल्या भागांत बांधलेला.

ही व्यवस्था टाकाऊ होती असं आम्ही म्हणणार नाही. जपानमध्ये पद जन्मावर मिळत होतं, तेव्हा चीनमध्ये साध्या घरचा मुलगा परीक्षा देऊन मोठा अधिकारी होऊ शकत होता. सुमारे तेराशे वर्षं या परीक्षेने एवढं मोठं साम्राज्य बांधून ठेवलं. पण म्हणूनच देशातली सगळ्यात हुशार मुलं ऐन उमेदीची वर्षं त्याच ग्रंथांच्या पाठांतरात घालवत राहिली. जुनं ज्ञान ही श्रद्धा होती आणि पोटापाण्याची सोयही. ज्याला आपण राष्ट्राचा स्वभाव म्हणतो, त्यातला बराचसा भाग अशा संस्थांनी पिढ्यान्‌पिढ्या घडवलेला असतो. रक्तातून तो येत नाही.

१८४२ मध्ये अफूच्या युद्धात चीन हरला. त्यानंतर वेई युआन या विद्वानाने सागरपारच्या देशांवर मोठा ग्रंथ लिहिला. परक्यांचं तंत्र शिका आणि त्यानेच त्यांना आवरा, असं त्याचं सांगणं. चीनमध्ये फार थोड्या अधिकाऱ्यांनी तो मनावर घेतला. १८५३ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पेरीची चार जहाजं जपानच्या किनाऱ्याला लागली आणि तोच ग्रंथ तिथे पुन्हा पुन्हा छापला जाऊ लागला. त्याच्या वाचकांपैकी एक शिक्षक योशिदा शोइन. शोइनच्या शाळेतला एक विद्यार्थी इतो हिरोबुमी. हा इतो १८६३ मध्ये चोरून लंडनला शिकायला गेला आणि १८७१ ते १८७३ या काळात इवाकुरा शिष्टमंडळ या सरकारी पथकाबरोबर अमेरिका-युरोप पाहून आला. त्या जहाजावर अमेरिकेत शिकायला निघालेली सहा वर्षांची त्सुदा उमेकोही होती. अर्धं सरकार परदेशात शिकायला गेलं होतं.

जपानी माणूस मुळातच शिस्तीचा, असं आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. १८७३ मध्ये त्याच जपानमध्ये सक्तीच्या लष्करभरतीविरुद्ध दंगे झाले. शाळेची फी परवडेना म्हणून शेतकऱ्यांनी शाळा जाळल्या. १८७७ मध्ये सामुराईंनी बंड केलं. सुधारणा टिकल्या, कारण त्या एका प्राचीन सिंहासनाच्या नावाने आल्या. सम्राटाचा शब्द मोडणं जड होतं.

चीननेही मुलं पाठवली होती. येल विद्यापीठाचा पदवीधर युंग विंग याच्या प्रयत्नांतून १८७२ पासून १२० मुलं अमेरिकेत गेली. ती बेसबॉल खेळू लागली, काहींनी शेंडी कापली. मुलं हातची चालली या भीतीने दरबाराने १८८१ मध्ये सगळ्यांना परत बोलावलं, बहुतेकांचं शिक्षण अर्धवट सोडून. त्यांच्यातल्याच, शिक्षण पूर्ण करू शकलेल्या झान त्यानयोने पुढे बीजिंग ते झांगजियाको हा डोंगरातला लोहमार्ग बांधला. १९०९ मध्ये तो पूर्ण झाला. बाकीच्यांनाही थांबू दिलं असतं तर, हा विचार मनातून जात नाही.

(दृश्य : शिमोनोसेकी बंदर.)

मार्च १८९५. जपानशी युद्ध हरलेल्या चीनच्या वतीने वृद्ध मुत्सद्दी ली होंगझांग तहाला आला. समोर जपानचा पंतप्रधान इतो. दोघांची ओळख जुनी. दहा वर्षांपूर्वी तियानजिनला सुधारणांविषयी बोललो होतो, मग तुमच्याकडे काहीच का बदललं नाही, असं इतोने विचारलं. आमच्या देशाला रूढींनी जखडून ठेवलंय, मला हवं ते करता आलं नाही, अशा अर्थाचं लीचं उत्तर नोंदलेलं आहे. तहात तैवान गेलं, वर वीस कोटी ताएल (चीनचं वजनमाप) चांदीचा दंड बसला.

धक्का बसल्यावर चीन हलला. कन्फ्यूशियस हा स्वतःच सुधारक होता, असं कांग यौवेई या विद्वानाने मांडलं. पूर्वजांच्याच दारातून आत शिरण्याचा हा प्रयत्न. १८९८ मध्ये सम्राट गुआंग्शूने त्याचं ऐकलं आणि १०३ दिवसांत राजमाता त्सिशीने सगळं गुंडाळलं. सहा सुधारकांची मुंडकी उडाली. १९०५ मध्ये अखेर परीक्षा बंद झाली, तोवर हजारो चिनी तरुण तोक्योत शिकत होते. जुना शिष्य आता गुरू झाला होता, आणि एकट्या चीनचाच नव्हे. जपानच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका हाती आली आणि त्यातून प्रेरणा घेऊन धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ मध्ये पुण्यात महिला विद्यापीठ काढलं.

पण याच जपानने १८९० मध्ये शिक्षणाविषयीचं राजाज्ञापत्र काढलं. निष्ठा, मातृपितृभक्ती आणि वेळ पडल्यास देशासाठी आत्मार्पण. कन्फ्यूशियसची शिकवण सम्राटाला जोडून मुलांकडून घोकून घेतली गेली. ज्या सिंहासनाने सुधारणा तारल्या, त्याच्याच नावाने पुढे १९३७ मध्ये जपानी सैन्याने नानजिंगमध्ये कत्तल केली. १९४८ मध्ये जपानच्या संसदेने ते आज्ञापत्र रद्दबातल ठरवलं.

ऑक्टोबर १९७८ मध्ये चीनचे नेते डेंग झियाओपिंग जपानला गेले, बुलेट ट्रेनमध्ये बसले, कारखाने पाहिले. चीनच्या आर्थिक सुधारणा पुढच्या दोन महिन्यांत सुरू झाल्या. मात्र त्यांची दुसरी सुरुवात आनहुई प्रांतातल्या शियाओगांग या भुकेल्या खेड्यात झाली. कम्यूनची, म्हणजे सामूहिक शेतीची जमीन आपसात वाटून कसायची, असा गुप्त करार १८ शेतकऱ्यांनी केला आणि त्यावर लाल अंगठे उठवले. हे उघड झालं तर तुरुंग, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून करारात एक कलम होतं. कोणी पकडला गेला, तर त्याची मुलं १८ वर्षांची होईपर्यंत बाकीचे सांभाळतील. माओच्या राजवटीत कन्फ्यूशियसला शिव्या देणाऱ्या मोहिमा झाल्या होत्या, देवळं फोडली गेली होती, तरी शेजाऱ्याचं मूल आपलं मानण्याची रीत गावात शिल्लक होती. तिच्याच भरवशावर त्यांनी कायदा मोडला. पुढच्या हंगामात धान्य भरघोस आलं. १९८२ मध्ये बीजिंगने घरटी शेती कसण्याची ही पद्धत अधिकृतपणे मान्य केली, आणि काही वर्षांत देशभरातली कम्यून मोडीत निघाली.