ठेचलेला लसूण आणि कोरडं लिटर

लाईट लागली की सगळी बॅच फीडरकडे कशी पळते बघा. पिल्लं शेडभर पांगलेली आहेत, एका कोपऱ्यात गोळा झालेली नाहीत, पोल्ट्रीवाला आत पाऊल टाकल्यावर आधी हेच बघतो, औषधाची बाटली नंतर.

ह्या व्हिडिओत बघू फीडमध्ये अँटिबायोटिकऐवजी घालायच्या वनस्पती. आधी हा घमेल्यातला लसूण. अख्ख्या पाकळीत अॅलिसिन, म्हणजे जंतूंशी लढणारं द्रव्य, नसतंच. त्याचा कच्चा माल अॅलिइन एका कप्प्यात, एन्झाइम दुसऱ्या कप्प्यात, पाकळी ठेचली की दोघं एकत्र येतात आणि काही सेकंदांत अॅलिसिन तयार होतं, तो उग्र वास त्यानंतरचा. म्हणून ठेचायचं आणि लगेच वापरायचं, ते फार टिकत नाही. अख्ख्या पाकळ्या उकळून पाणी पाजणारेही आहेत, पण उकळल्यावर एन्झाइमच निकामी होतं, मग सगळी मेहनत वाया. हे इतकं साधं आहे पण कुणी सांगतच नाही.

ओवा चुरला की जो वास येतो तो थायमॉलचा. ओरेगॅनोत थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल दोन्ही. हे जीवाणूच्या बाहेरच्या पडद्यावर घाव घालतात, पडदा सैल पडतो आणि आतलं बाहेर गळायला लागतं. दालचिनीत सिनामाल्डिहाइड, लवंगेत युजेनॉल. हळदीतलं करक्युमिन रक्तात फार कमी उतरतं अशी तक्रार असते, पण इथे आपलं बरंचसं काम आतड्यातच आहे ना!

मिक्सिंग नीट बघा. पावडर थेट टनभर फीडवर ओतायची नाही, आधी थोड्या फीडमध्ये कालवायची, मग ते मोठ्या ढिगात, नाहीतर एका पक्ष्याला मूठभर आणि दुसऱ्याला काहीच नाही. फीडचे पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या गोळ्या, करताना वाफेची उष्णता 80 अंशांच्या आसपास जाते, त्यात सुगंधी तेलं उडून जातात, म्हणून आता चरबीचं कवच दिलेली तेलं मिळतात, कवच आतड्यात जाऊन विरघळतं.

ही मायक्रोस्कोपखालची स्लाइड, आतड्याच्या आतली बाजू. ही बोटांसारखी उंच दिसतात ती व्हिलाय, जितकी उंच तितकं खाद्य अंगी लागतं आणि एफसीआर, म्हणजे एक किलो वजनवाढीला किती किलो खाद्य लागतं ते प्रमाण, सुधारतो. कॉक्सी (आतड्यातल्या परजीवींचा आजार) किंवा क्लॉस्ट्रिडियम जीवाणूने आतडं पोखरलं की हीच बोटं झिजून बुटकी होतात. आमच्या मते सगळी लढाई ह्या बोटांची आहे.

1950 च्या आसपास लक्षात आलं की फीडमध्ये चिमूटभर अँटिबायोटिक घातलं की कोंबडी लवकर वाढते, आणि ते जगभर पसरलं. स्वीडनने 1986 मध्ये वाढीसाठीचा हा वापर बंद केला, युरोपियन युनियनने 1 जानेवारी 2006 पासून पूर्ण. कारण रोजच्या चिमटीला पुरून उरणारे जंतूच वाढत जातात, आणि पुढे माणसाच्या आजारातही ते औषध चालत नाही.

बॅच खरंच आजारी पडली तर पशुवैद्यकच हवा, ओवा नाही. आणि लिटर, म्हणजे शेडमध्ये खाली अंथरलेला भुशाचा थर, ओलं असेल तर कुठलीही वनस्पती पुरी पडत नाही, त्यामुळे हा शेवटचा शॉट मुद्दाम ठेवलाय. भुसा मुठीत घट्ट दाबला, मूठ उघडली, आणि तो सुटा होऊन खाली पडला.