दोन सेंटिमीटरच्या छेदातून

खेळता खेळता तो एकदम थांबतो आणि मागे वळून बघतो. कोणीतरी पोटरीखाली सणसणीत लाथ घातली, याबद्दल त्याला शंका नसते. मागे कोणीच नसतं.

तुटलेली असते ती अकिलीस टेंडन. पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी, शरीरातली सगळ्यात जाड कंडरा. बहुतेकदा ती टाचेच्या 2 ते 6 सेंटिमीटर वर तुटते. तिथे रक्तपुरवठा मुळातच बेताचा.

तरीही माणूस लंगडत का होईना, चालतो. पाऊल खाली दाबणारे इतर स्नायू शाबूत असतात ना! म्हणून ‘मुरगळलाय’ म्हणत पट्टी बांधून घरी पाठवलेले रुग्ण कमी नाहीत. खरं तर तपासणी मिनिटभराची. रुग्णाला पालथं झोपवायचं, पावलं पलंगाबाहेर, आणि पोटरी मुठीत धरून दाबायची. धड पायाचं पाऊल लगेच हलतं. दुसरं नुसतं लोंबत राहतं.

पूर्वी मागून लांबलचक छेद घेत. केरसुणीसारखी पिंजलेली दोन्ही टोकं समोर दिसत, शिवायला सोपं जाई. पण तिथली कातडी पातळ. जखम चिघळली, की भरता भरत नाही. 1977 मध्ये मा आणि ग्रिफिथ या सर्जननी बारीक छिद्रांतून टाके घालायची रीत मांडली. जखम आटोपशीर झाली, पण टेंडनच्या बाहेरच्या कडेजवळून सुरल नावाची नस जाते. वरून टोचलेल्या सुईला ती कशी दिसणार? टाक्यात सापडली, तर पावलाची बाहेरची कड बधिर.

यावर काढलेली एक तोड मला फार हुशारीची वाटते. तुटल्या जागी दोनेक सेंटिमीटरचा छेद. त्यातून चिमट्यासारखं एक साधन टेंडनच्या आवरणाखाली वर सरकवतात. बाहेरून सुई आरपार जाते, मागोमाग दोरा. मग साधन हळूच बाहेर ओढलं, की दोऱ्याची टोकं कातडीतून निसटून आवरणाच्या आतून छेदापाशी येतात. नस बाहेरच राहते. निदान तशी अपेक्षा असते.

नॉर्वेतल्या एका चाचणीत 526 रुग्णांचे निष्कर्ष 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. नसेला इजा लहान छेदात 5.2 टक्के, मोठ्या छेदात 2.8, शस्त्रक्रियेविना 0.6. कंडरा पुन्हा तुटण्याचं प्रमाण मात्र दोन्ही शस्त्रक्रियांत 0.6 टक्के आणि शस्त्रक्रियेविना 6.2. वर्षभरानंतर पायाचं काम तिन्ही गटांत जवळपास सारखंच.

छेद लहान, म्हणून कंडरा काही लवकर जुळत नाही. पाऊल खाली झुकवून बुटात ठेवतात, टाचेखाली पाचरी. त्या एकेक करून काढायच्या, आठवड्यांच्या हिशेबाने. नंतर फिजिओथेरपी. भिंतीला हात टेकून, त्याच एका पायावर उभं राहून टाच उचलायची. पोटरी थरथरते. टाचेखालून जेमतेम एक कागद सरकेल, एवढीच फट पडते.