'समाजस्वास्थ्य'चा वाचक

[दृश्य: पिवळ्या पडलेल्या जुन्या मासिकाची पानं जपून उलटणारी बोटं]

आमच्या शाळेत प्रजननाचा धडा आला की बाई म्हणायच्या, "हा घरी वाचा." वर्गात कुणी मान वर करायचं नाही. पण प्रत्येकाच्या पुस्तकात सगळ्यात मळलेली पानं तीच असायची.

जुलै १९२७. मुंबईत एक मराठी मासिक निघालं, 'समाजस्वास्थ्य'. मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचं चित्र. संपादक रघुनाथ धोंडो कर्वे, महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. पॅरिसला गणित शिकून आलेल्या या माणसानं १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचा संततिनियमनाचा दवाखाना उघडला तोही याच वर्षी. १९२५ मध्ये या कामापायी कर्व्यांना विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. पुढे संसाराचा भार त्यांच्या पत्नी मालतीबाईंनी उचलला. त्यांचं नाव या कथेत फार कमी वेळा घेतलं जातं.

लैंगिक विषयावर उघड बोलणाऱ्या, बदनाम झालेल्या माणसांवरचे माहितीपट आम्ही पुष्कळ पाहिले. कॅमेरा कायम त्यांच्याच चेहऱ्यावर. आम्हाला पाहायचं होतं ते कर्व्यांना पत्रं लिहिणाऱ्यांकडे.

[दृश्य: प्रश्नोत्तरांचं पान, अगदी जवळून]

हस्तमैथुनाबद्दल, समलिंगी आकर्षणाबद्दल लोक विचारायचे. घरात विचारायची सोय नाही, वैद्याकडे जायची लाज, मित्रांकडे नुसती ऐकीव माहिती. कर्वे प्रत्येकाला सरळ उत्तर द्यायचे. पाप-पुण्याची भाषा नाही, उपदेश नाही.

१९३१ मध्ये 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखाबद्दल त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ मध्ये पुन्हा अटक झाली, या वेळी वाचकांना दिलेल्या उत्तरांसाठी. वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. येवल्याच्या धर्मांतराच्या घोषणेला अजून दीड वर्ष होतं. अस्पृश्यांच्या लढ्याचा एवढा व्याप डोक्यावर असताना बाबासाहेब या खटल्याला उभे राहिले, हे मला फार मोलाचं वाटतं.

त्यांचं म्हणणं असं होतं: लैंगिक प्रश्नावर लिहिलं एवढ्यानं लिखाण अश्लील होत नाही. लोक अडचणीत असतात म्हणून विचारतात. उत्तरच द्यायचं नसेल तर मासिक बंद करावं लागेल. आणि विकृती म्हणाल, तर ती ज्ञानानंच जाईल.

२४ एप्रिल १९३४. कर्व्यांना दोनशे रुपये दंड.

त्या काळी अश्लीलतेची कसोटी १८६८ च्या एका इंग्रजी निकालातून आलेली होती: कच्च्या मनाचा माणूस हे वाचून बिघडेल का? सर्वोच्च न्यायालयानं ती बाजूला सारली थेट २०१४ मध्ये. पण ज्याच्या मनाची एवढी काळजी वाहिली जात होती, तोच माणूस रात्री दिव्याखाली बसून कर्व्यांना पत्र लिहीत असेल, हा विचार त्या कसोटीत कुठे बसतच नाही. २००७ मध्ये महाराष्ट्रानं शाळांमधलं लैंगिक शिक्षण थांबवलं, तेव्हाही मुलांच्या मनात काय आहे ते मुलांना कुणी विचारलं?

दंड भरून कर्वे पुन्हा कामाला लागले. अंकामागून अंक, एकूण सव्वीस वर्षं.

[दृश्य: टेबलावर शेवटचा अंक, त्यावरची तारीख]

१४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे गेले. नोव्हेंबरचा अंक तरीही निघाला. तो शेवटचा.