माझं कुंकू कुठं गेलं?

श्रोतेहो, नमस्कार. घरात पणजीचा एखादा जुना फोटो असेल, तर तो जरा आठवून बघा. कपाळावर शाईचा ठिपका ठेवावा तसं काळं कुंकू दिसतं ना? कुंकू लालच होतं. त्या काळी फोटो ज्यांवर घेतला जायचा त्या काचा आणि फिल्म लाल उजेडाला जवळजवळ आंधळ्या असायच्या, म्हणून लाल ते काळं उमटायचं. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन झालं. घरच्यांना आजींचा एक फोटो हवा होता, ब्लॅक अँड व्हाइट आणि मऊ, जुन्या स्टुडिओत काढल्यासारखा. मी त्यांना खिडकीशी बसवलं, बाहेरच्या उन्हाला पांढरा पडदा लावला आणि फोटो काढला. खरं सांगायचं तर निम्मं काम त्या पडद्यानंच केलं. कडक उन्हात काढलेला चेहरा नंतर कितीही घासला तरी मऊ होत नाही.

मग कॉम्प्युटरवर बसलो. फोटो सुधारायला मी गिंप हे सॉफ्टवेअर वापरतो, फुकट मिळतं म्हणून. रंगीत फोटोचा रंग काढून टाकायचा तर पुष्कळ जण डिसॅच्युरेट करून मोकळे होतात आणि चेहरा राखाडी, मेणचट झाला की पुढे ब्लर मारत, म्हणजे धूसर करत सुटतात. थोडं थांबा. रंगीत फोटो म्हणजे लाल, हिरवा आणि निळा असे तीन ब्लॅक अँड व्हाइट फोटोच एकावर एक ठेवलेले असतात. हे तीन चॅनेल एकेक करून बघा. निळ्यात माणूस दहा वर्षांनी म्हातारा दिसतो, प्रत्येक डाग आणि सुरकुती उठून येते. हिरवा मधला. लाल चॅनेलमध्ये मात्र कातडी उजळते आणि पुटकुळ्या, लालसर चट्टे आपोआप विरतात. कारण साधं आहे: चट्टा रक्तामुळे लाल असतो, रक्त हिरवा-निळा उजेड गिळतं आणि लाल परत पाठवतं. त्यामुळे लाल चॅनेलला चट्टा आणि आजूबाजूची कातडी सारखीच दिसते.

मी हुरळून गेलो. गिंपच्या मोनो मिक्सरमध्ये कुठला चॅनेल किती घ्यायचा ते ठरवता येतं; तिथं लाल शंभर टक्के, बाकी दोन्ही शून्य. चेहरा लोण्यासारखा झाला. प्रिंट काढून आजींच्या हातात दिली. त्यांनी चष्मा वर-खाली केला आणि म्हणाल्या, "सगळं बरंय रे, पण माझं कुंकू कुठं गेलं? हे इथं बसलेत की!"

खरंच, कपाळ कोरं होतं. ज्या कारणानं चट्टे गेले, त्याच कारणानं कुंकूही गेलं. मी शरमेनं प्रिंट परत घेतली.

दुसऱ्या वेळी लाल सत्तर, हिरवा तीस ठेवला. शिवाय रंगीत फोटोची आणखी एक प्रत घेऊन ती हिरव्या चॅनेलनं ब्लॅक अँड व्हाइट केली आणि वरच्या लेअरवर, म्हणजे वरच्या थरात ठेवली. तिथं कुंकू पणजीच्या फोटोतल्यासारखं काळंभोर येतं. त्या लेअरला काळा मास्क लावला, म्हणजे सगळी प्रत झाकली गेली, आणि फक्त कुंकवावर पांढरा ब्रश फिरवला. ओठांवरही हलक्या हातानं, ओपॅसिटी, म्हणजे दाटपणा, कमी ठेवून. मोबाइलवाल्यांनी निराश होऊ नये. स्नॅपसीड या फोटोच्या अ‍ॅपच्या ब्लॅक अँड व्हाइटमध्ये रंगांचे फिल्टर मिळतात, ते पालटून बघा, कुंकू येतं-जातं ते तुम्हालाच दिसेल.

आता ब्लर. तयार झालेल्या फोटोची एक प्रत वर ठेवायची आणि तिला गॉशियन ब्लर द्यायचा. सहा हजार पिक्सेल रुंदीचा फोटो असेल तर मी पंचवीस-तीस पिक्सेलपासून सुरुवात करतो. मोड, म्हणजे वरची प्रत खालच्या फोटोत मिसळायची पद्धत, स्क्रीन ठेवायचा, ओपॅसिटी तीसच्या आसपास. यात उजेड अंधारात पाझरतो, पांढऱ्या केसांभोवती वलय येतं. पूर्वी डार्करूममध्ये एन्लार्जरच्या, म्हणजे निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायच्या यंत्राच्या, भिंगाखाली बायकांचे पायमोजे ताणून धरायचे, त्यात उलटं व्हायचं, काळं पांढऱ्यात उतरायचं. तशी उदास छटा हवी असेल तर मोड मल्टिप्लाय करा. वाढदिवसाच्या फोटोला नको.

त्यानंतर मास्क लावून डोळे, पापण्या आणि नथीचे मोती ब्लरमधून मोकळे करायचे. डोळे धारदार असले की बाकीचं मऊ शोभतं. आता तुम्ही जुन्या काळच्या फोटोग्राफर ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांचं नाव पुढे कराल. कोलकात्यात जन्मलेल्या या बाईंना 1863 साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, पहिला कॅमेरा भेट मिळाला. त्यांच्या पोर्ट्रेटमध्ये फोकस सैल असायचा आणि त्यावरून टीकाकारांनी त्यांना पुष्कळ झोडपलं. पण त्यांचा हात आपल्याला नाही. आपण डोळे सांभाळावेत.

सुरकुत्या मात्र मी एकही पुसली नाही. ब्लरनं त्या थोड्या निवल्या, तेवढं पुरे.

नवी प्रिंट नेली तेव्हा आजींनी आधी कपाळ पाहिलं. मग आतल्या खोलीकडे वळून म्हणाल्या, "अहो, बघा, आता आलं." आजोबांनी फोटो हात लांब करून धरला, बराच वेळ पाहिला आणि मला विचारलं, "हा जरा मोठा करून मिळेल का?"