स्प्लेनिक आर्टरीला शाखा फुटतात कुठे?

नमस्कार! इंदूरच्या एमजीएम मेडिकल कॉलेजला किंवा कुठेही फर्स्ट इयरला असाल, तर उद्याच्या डिसेक्शनआधी एवढं बघून जा. विषय प्लीहेची, म्हणजे स्प्लीनची, आर्टरी.

सिलिअ‍ॅक ट्रंकच्या, म्हणजे पोटात महाधमनीतून निघणाऱ्या आखूड खोडाच्या, तीन शाखांतली ही सर्वांत मोठी. ट्रंकपाशी चिमटा घालून शोधत बसू नका, तिथे नर्व्हचं जाळं फार. जठर वर उचला, स्वादुपिंडाची वरची कड बोटाने चाचपा. नागमोडी, कडेवरून वर डोकावणारी नळी लागली की तीच. व्हेन स्वादुपिंडाच्या मागून, बरीच सरळ जाते.

पुढे ती डाव्या किडनीसमोरून लायनोरीनल लिगामेंटमध्ये, म्हणजे किडनी आणि प्लीहेला जोडणाऱ्या पडद्यात, शिरते. इथे सावकाश! स्वादुपिंडाचं शेपूटही याच लिगामेंटमध्ये असतं. हायलमपाशी, म्हणजे वाहिन्या प्लीहेत शिरतात त्या दाराशी, घाईत क्लॅम्प लावला की शेपूट चिरडतं आणि ऑपरेशननंतर ड्रेनमधून स्वादुपिंडाचा रस येऊ लागतो.

आता खरा मुद्दा. आर्टरी प्लीहेच्या आत नाही, बाहेरच शाखांत फुटते. बहुतेकांत दोन मुख्य शाखा, काहींत तीन. कुणात हायलमपासून बरीच अलीकडे फुटते, मग खोड आखूड, शाखा लांब आणि पुष्कळ. कुणात अगदी दाराशी. पहिल्या प्रकारात एकेक शाखा वेगळी बांधता येते, म्हणून अर्धी प्लीहा वाचवणं सोपं.

हे जमतं, कारण आतल्या सेगमेंटल शाखा जवळपास बंद गल्ल्या आहेत, शेजारणीशी फारसं जाणं-येणं नाही. एक बांधली की तेवढाच भाग काळवंडतो आणि कापायची रेघ आपोआप दिसते. एक तुंबली, तर सीटीवर पाचरीच्या आकाराचा इन्फार्क्ट, म्हणजे रक्ताअभावी मेलेला भाग. झाबुआ-अलिराजपूरकडच्या सिकलसेल रुग्णांत मात्र अडथळा आतल्या बारीक वाहिन्यांत असतो. पुन्हा पुन्हा इन्फार्क्ट होऊन प्लीहा आक्रसते.

पूर्ण प्लीहा काढताना शक्यतो आर्टरी आधी, व्हेन नंतर. उलट केलंत तर रक्त आत येत राहतं, बाहेर पडत नाही. प्लीहा फुगते, फाटते. जठराकडे जाणाऱ्या शॉर्ट गॅस्ट्रिक शाखा पाच ते सात, वरच्या तर अगदी तोकड्या. ओढाताण केली की तिथूनच रक्तस्राव.

अपघातात फाटलेल्या प्लीहेत कधी पोट न उघडता मुख्य खोडातच कॉइल, म्हणजे वाहिनी बंद करणारी बारीक तारेची गुंडाळी, टाकतात, डॉर्सल पँक्रिअ‍ॅटिक शाखेच्या पुढे. आतला दाब उतरतो, रक्तस्राव थांबतो. तरी प्लीहा मरत नाही: शॉर्ट गॅस्ट्रिक आणि लेफ्ट गॅस्ट्रोएपिप्लॉइककडून रक्त उलटं येत राहतं.