ओल्या हॉप्सची बिअर
(छत्रपती संभाजीनगर इथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मित्रहो, वाळूज आणि शेंद्र्याच्या कारखान्यांमुळे आपल्या शहराचं नाव बिअरशी देशभर जोडलं गेलं आहे. माल्ट, यीस्ट, फर्मेंटेशन हे शब्द इथे घराघरांत माहीत आहेत, कारण घरातलं कुणी ना कुणी तिथे शिफ्टला जातं. पण ताजा हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारं वेलाचं फूल, इथल्या मुरलेल्या जाणकारांनीही सहसा पाहिलेला नसतो. आपल्यापर्यंत तो पोचतो तो दाबून केलेल्या हिरव्या गोळ्यांच्या रूपात, हवा काढलेल्या पाकिटातून. मला आज बोलायचं आहे ते तो वेलावरून उतरतो त्या दिवसाबद्दल, कारण त्या एका दिवसाची म्हणून वेगळी बिअर असते.

हॉप्सचा वेल बहुवर्षायू. हिवाळ्यात वरचा भाग वाळून जातो, मुळं जमिनीत तग धरतात, आणि ऊब आली की कोंब फुटून दोरीवरून पाच-साडेपाच मीटर चढतात. ब्रुअरीच्या कामाचा फुलोरा फक्त मादी वेलाला येतो. एक फूल उभं फाडून पाहा, पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी चिकट पूड दिसेल. तिला ल्युप्युलिन म्हणतात. सगळा खजिना या पुडीत आहे. तिच्यातली अल्फा आम्लं उकळीत बदलतात तेव्हा कडवटपणा येतो. वास येतो तो मर्सीन, ह्युम्युलीन, लिनालूल अशा तेलांतून, आणि ही तेलं उडून जायला टपलेली असतात.

युरोप-अमेरिकेत काढणी ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरभर चालते, न्यूझीलंडमध्ये मार्चच्या आसपास. तोडलेल्या फुलात ७५ ते ८० टक्के पाणी असतं. ढीग नुसता पडू दिला तर तो आतून तापतो आणि काही तासांत बिघडायला लागतो. म्हणून भट्टीत साधारण ६० अंशांच्या गरम हवेवर वाळवून पाणी ८ ते १० टक्क्यांवर आणतात. वाळवण्याची ही विद्या नसती तर वर्षभर बिअर करणं जमलंच नसतं, त्यामुळे सुक्या हॉप्सला मी मुळीच कमी लेखत नाही. पण त्या गरम हवेबरोबर थोडा सुगंधही निघून जातो. आगटीपाशी बसून गुळभेंडीचा हुरडा खाल्लेल्या माणसाला हे पटवायला नको. तीच ज्वारी पुढे वाळून घरात येते, तिची भाकरी झकास होते, पण त्या भाकरीत हुरड्याची चव कुणी शोधत नाही.

इंग्लंडमध्ये वॉडवर्थ या जुन्या ब्रुअरीने १९९२ साली ओल्या हॉप्सची बिअर बाजारात आणली. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडाने वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यातून न वाळवलेले हॉप्स ट्रकने मागवून अमेरिकेत हा प्रकार रुजवला. तोडणीपासून २४ तासांच्या आत फुलं कढईत पडली पाहिजेत हा या बिअरचा नियम. त्यासाठी शेतावरची तोडणी आणि ब्रुअरीतली उकळी यांची वेळ जुळवावी लागते, आणि कधी तोडायचं हे वेल ठरवतो. मालही भरपूर लागतो. सुके एक किलो पुरतात तिथे ओले पाच-सहा किलो. शिवाय ओल्या फुलात अल्फा आम्ल किती हे हातात वेळेवर नसतं, म्हणून जाणता ब्रुअर कडवटपणापुरते सुके हॉप्स वापरतो आणि ओले अगदी शेवटी, उकळी थांबताना घालतो. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो.

मग चवीत काय येतं? वास मोठा नसतो, ही पहिली गोष्ट. झणझणीत आयपीएची, म्हणजे भरपूर हॉप्स घातलेल्या बिअरची, सवय असलेला माणूस पहिल्या घोटाला निराश होतो. नुकतं कापलेलं गवत, काकडीची साल, खरबूज, कुठे लिंबाचं पान, असा ओला हिरवा वास हळूहळू वर येतो आणि कडवटपणा जिभेवर मऊ उतरतो. पानं जास्त वेळ भिजली तर हाच हिरवेपणा कडसर, पालेभाजीसारखा होतो. तो दोषच समजावा. ही बिअर साठवायची नाही. सप्टेंबरात तोडलेल्या हॉप्सची ऑक्टोबर-नोव्हेंबरात संपवावी.

मला नेहमी विचारतात, आपल्याकडे हा वेल का लावत नाहीत? कारण उन्हाळ्यातले लांब दिवस त्याला हवेत. याकिमाला जूनमध्ये दिवस जवळजवळ सोळा तासांचा असतो, आपल्याकडे सव्वातेरा. त्यात मुळांना लागणारी कडाक्याची थंडीही इथे नाही. सोयाबीन-कापसाच्या भावाने पोळलेल्या शेतकऱ्याला कुणी हॉप्सची रोपं विकायला आलं तर हे दोन मुद्दे त्याला आधी सांगा, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

देशात हॉप्स होतो तो हिमाचलातल्या लाहौलमध्ये. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून लाहौल ते मनाली हे अंतर काही तासांचं राहिलं आहे. ताजी फुलं वाळूजपर्यंत २४ तासांत येणार नाहीत, पण मनाली-कुल्लूत कढई असेल तर तिथे ती नक्की पोचतील. बिअर तिथे करायची आणि तयार झाल्यावर थंड गाडीतून खाली आणायची. हे व्हावं असं मला मनापासून वाटतं, आणि इथल्या अनुभवी हातांनी ते करावं असं तर फारच वाटतं.

तोवर बाहेरून आणलेली अशी बाटली मिळाली तर आधी तारीख वाचा. बाटली पारदर्शक किंवा हिरवी असेल आणि दुकानात उजेडात उभी असेल तर घेऊ नका, उजेडाने हॉप्समधली द्रव्यं मोडतात आणि कुबट वास येतो. बर्फासारखी गार करू नका, फ्रीजबाहेर दहा-पंधरा मिनिटं ठेवा. इतर कुठल्याही बिअरच्या आधी ही चाखा, आणि सोबत चकली-शेव नको, भाजलेले साधे शेंगदाणे पुरे.

आता ताटल्यांतून हॉप्सचे सुके शंकू, म्हणजे वाळवलेली फुलं, फिरवतो आहे. एकेक घ्या, तळहातांत जोरात चोळा, नाकाशी धरा, आणि मग समोरच्या ग्लासातला पहिला घोट घ्या.