तसबिरी, ठराव आणि तीन पायऱ्या

श्रोतेहो, नमस्कार.

ग्रामपंचायतीच्या कार्यालयात दप्तराच्या कपाटाशेजारी तसबिरींची एक थप्पी हमखास असते. जयंतीच्या सकाळी शिपाई त्यांतली नेमकी तसबीर वर काढतो, ओल्या फडक्याने काच पुसतो, आणि पूजन, हार, नारळ आटोपून मोबाइलवर काढलेला फोटो पंचायत समितीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो. सातारा जिल्ह्यात ग्रामसेवक म्हणून काम करताना असे फोटो मी किती पाठवले, याची मोजदाद मी ठेवली नाही. वर्षभरात कोणाच्या जयंत्या आणि कोणते दिन शासकीय कार्यालयांत साजरे करायचे, याचे परिपत्रक मंत्रालयातील सामान्य प्रशासन विभाग दरवर्षी काढतो. ते मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवत असे. त्याशिवाय आरोग्य, शिक्षण, पाणीपुरवठा अशा खात्यांची पत्रे येत ती वेगळीच. आज मला बोलायचे आहे ते, ग्रामपंचायतीने एखादा दिवस साजरा केला असे आपण म्हणतो, तेव्हा तिच्या इतिवृत्तात नेमके काय लिहिलेले असते, याविषयी.

दिवसाला मान्यता नेहमी वरूनच येते असे मात्र नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या राजवाड्यातील तेव्हाच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव दाखल झाले. रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकापुढे ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद आहे. हा आकडा वर्षाचा नव्हे, दाखल क्रमांकाचा आहे, हे मुद्दाम सांगतो, कारण शाळेतील मुले हटकून तिथे चुकतात. साताऱ्यातले कार्यकर्ते हा दिवस शाळा प्रवेश दिन म्हणून आपापल्या परीने पाळत आणि पाठपुरावा करत राहिले, आणि २०१७ मध्ये राज्य शासनाने ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून जाहीर केला. रजिस्टरमधली एक ओळ गावातल्या लोकांनी जपली आणि ती राज्याच्या परिपत्रकात गेली, असा हा उलटा प्रवास आहे.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. आंतरराष्ट्रीय दिव्यांग दिन ३ डिसेंबरला असतो; संयुक्त राष्ट्रसंघाने तो १९९२ पासून सुरू केला. एका वर्षी गावातील दिव्यांग व्यक्तींचा सत्कार करायचा असे आम्ही ठरवले. शाली आणल्या, फलक छापून घेतला. शिवणकाम करणारे एक काका तीनचाकी सायकलवरून वेळेआधी आले आणि कार्यालयासमोर थांबले, कारण आमच्या कार्यालयाला तीन पायऱ्या होत्या. दोघांनी मिळून त्यांना उचलून आत नेण्याची तयारी दाखवली, तेव्हा ते म्हणाले, “भाऊसाहेब, पोत्यासारखं उचलून नेऊ नका. शाल इथंच द्या.” आम्ही शाल तिथेच, अंगणात दिली. फोटोत पायऱ्या येऊ नयेत म्हणून फोटो काढणारा थोडा बाजूला सरकला, हेही मी पाहिले आणि काही बोललो नाही. त्या दिवशीच्या इतिवृत्तात मी माझ्या हाताने लिहिले की दिव्यांग दिन उत्साहात साजरा करण्यात आला.

ते वाक्य खोटे नव्हते. पण त्यातून कोणावर कसलीही जबाबदारी येत नव्हती. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. म्हणजे या दिवसामागे पैसा आधीपासूनच उभा आहे, फक्त ठरावाने त्याला वाट करून द्यावी लागते. पुढच्या मासिक सभेत आम्ही दुसरा ठराव लिहिला, पायऱ्यांजवळ तीनचाकी सायकलसाठी उतार बांधण्याचा. त्यात रकमेचा आकडा होता, काम कोणी करून घ्यायचे ते होते, आणि कोणत्या तारखेच्या आत, तेही होते. उताराचे साधे माप असे की एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. आमच्या तीन पायऱ्यांची उंची दीड फूट, म्हणजे उतार अठरा फूट हवा, आणि समोर जागा होती जेमतेम दहा फुटांची. गवंड्याचे मत होते की थोडा चढा केला तरी चालेल. काकांनी स्वतः सायकल लावून दाखवले की चालणार नाही, आणि मग भिंतीला धरून वळण घेतलेला उतार बांधला गेला.

काही दिवसांची रचनाच अशी आहे की ग्रामसभेशिवाय ते पाळता येत नाहीत. महात्मा गांधींनी सेवाग्राम आश्रमात परचुरेशास्त्री या कुष्ठरुग्णाची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी केली होती, म्हणून त्यांची पुण्यतिथी, ३० जानेवारी, आपल्याकडे कुष्ठरोग निवारण दिन म्हणून पाळली जाते. ‘स्पर्श’ अभियानात २०१७ पासून या दिवशी ग्रामसभेत जिल्हाधिकाऱ्यांचे आवाहन वाचायचे आणि शपथ घ्यायची अशी पद्धत आहे. वाचन दहा मिनिटांत संपते. खरे काम पुढचे असते. फिकट, बधिर चट्टा दिसला तर तो दाखवावा, औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि ते प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने घ्यावे लागते, एवढी माहिती सभेत सर्वांसमोर ऐकलेली असली की एखादी बाई सभा उठल्यावर आशाताईंना बाजूला घेऊन आपला हात दाखवते. चारचौघांत हात कोणी दाखवत नाही. म्हणून आशाताईंना सभेनंतर अर्धा तास तिथेच थांबायला सांगावे, अशी ओळ आमच्या ठरावात असे.

ठरावाची ताकद पाहायची असेल तर आसपासच्या जिल्ह्यांत पाहता येईल. कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथांवर बंदी घालणारा ठराव केला, आणि त्याच महिन्यात शासनाने तो इतर ग्रामपंचायतींपुढे आदर्श म्हणून ठेवला. सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावी त्याच वर्षापासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि मुलांच्या अभ्यासासाठी दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवले जातात. या गावाने वर्षातला एक दिवस न निवडता रोजचा दीड तास निवडला. माझ्या मते हे अधिक कठीण आहे, कारण वर्षाच्या एका दिवशी कोणीही चांगले वागू शकतो.

दिवस फारच झाले आहेत, ही तक्रार मी अनेक सरपंचांकडून ऐकली आहे आणि ती मला अर्धी पटते. एकाच आठवड्यात तीन दिन आले की शाळेच्या गुरुजींना तीच मुले, तीच घोषणा आणि तीच प्रभातफेरी पुन्हा काढावी लागते. पण ७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन पाहा. तो १९४९ पासून चालू आहे, त्या निमित्ताने माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी निधी गोळा होतो, आणि जिथे घरटी फौजी आहेत अशी गावे असलेल्या आपल्या जिल्ह्यात त्या दिवसाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. आठवड्यात तीन दिन आले, तर ज्यामागे असे काम आहे तो पाळावा आणि उरलेल्या दोघांचे फोटो पाठवून मोकळे व्हावे, असे मी निवृत्तीनंतर आता उघडपणे म्हणू शकतो.

ग्रामसभेचा विषय सात दिवस आधी नोटिशीत यावा लागतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. सभेच्या दिवशी उठून मागणी केली तर ती आयत्या वेळच्या विषयांत जाते, आणि आयत्या वेळचे विषय बहुधा चहा आल्यावर निघतात. म्हणून अर्ज आधी द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि ठराव झाल्यावर त्याची नक्कल मागावी.

उतार झाल्यानंतरच्या ३ डिसेंबरला काका एकटेच वर आले. त्यांनी सायकल टेबलाशेजारी लावली आणि शाल हातात यायच्या आधी विचारले, “भाऊसाहेब, उताराचे पैसे वजा जाता पाच टक्क्यांतले उरले किती?” माझ्याकडे हिशेब तयार नव्हता. तो २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाचून दाखवावा, असे त्याच बैठकीत ठरले आणि मी ते इतिवृत्तात लिहिले.

नमस्कार.